सहा नंबरचा तुकडा

सातवीला घनता शिकवताना मी एकच गोष्ट घोकून घेते: अंदाज करायचा नाही, मोजायचं. वस्तुमान काट्यावर, आकारमान मोजपात्रातल्या पाण्यात बुडवून, मग भागाकार. त्यासाठी माझ्याकडे दहा तुकडे आहेत. दिसण्यावरून कुणी धातू ओळखू नये म्हणून सगळे काळे रंगवलेले, प्रत्येकावर नंबर. दहाही उत्तरं बारा वर्षांपूर्वी माझ्या डायरीत लिहिलेली. यंदा ज्याचं उत्तर अचूक येईल, त्याला आंतरशालेय विज्ञान स्पर्धेला पाठवणार होते.

सहा नंबर मुंगीला मिळाला. मुंगीच्या पावलाने काम करते म्हणून पोरं तिला मुंगी म्हणतात, आणि खरं सांगते, मीही म्हणते. स्पर्धेसाठी नावं कधी देणार, असं विचारून महिनाभर तिने माझं डोकं खाल्लं होतं. ती उत्तर घेऊन आली, २.७. डायरीत लोखंड, ७.८. माझं डोकंच सटकलं. हे काय स्वप्नात मोजलंस का, म्हटलं, आठच्या जवळपास यायला हवं, जा, डोळे उघडून बघ. वर्ग खो खो हसला. तीनदा मोजलं, असं ती पुटपुटली. उलट उत्तर देऊ नकोस, मी म्हटलं.

दहा मिनिटांनी ती ७.७ घेऊन आली. मी फक्त शेवटचा आकडा बघितला आणि लाल पेनने बरोबरची खूण केली. वर ऐकवलं, नीट मोजलं की येतं की नाही? पण पहिल्याच फटक्यात जमलं नाही म्हणून स्पर्धेला दोन नंबरचा तुकडा मिळालेल्या मुलाचं नाव दिलं.

शाळा सुटल्यावर लॅबमधले मामा तुकडे आवरत होते. मी सहा नंबर उचलला आणि चपापले. एवढा हलका? मामा सहज म्हणाले, जुना हरवला, म्हणून गेल्या वर्षी कारखान्यातून तेवढाच कापून आणला, रंगवला, तुम्हाला सांगितलं होतं की. सांगितलं असणार. मी हो हो म्हटलं असणार.

काट्यावर ठेवला. चोपन्न ग्रॅम. पाणी वीस मिलिलिटरने चढलं. २.७. ॲल्युमिनियम.

मुंगीची वही उघडली. आकारमानापुढचा वीसचा आकडा खोडून खोडून कागद पातळ झाला होता, त्यावर सात लिहिलं होतं. शेजारी माझी लाल खूण. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बारा वर्षं पोरांच्या मागे मोजा मोजा लावणारी मी, साधा तुकडा हातात धरून बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात सगळं कबूल केलं. चूक माझी, मुंगीचं पहिलं उत्तर बरोबर होतं, आता स्पर्धेला तीच जाईल. पोरगी खूश होईल असं मला वाटलं. ती उभी राहिली, कान लालबुंद.

"मॅडम, मला नका पाठवू."

"का गं?"

"वीस आहे हे मला माहीत होतं. तरी मी खोटं लिहिलं."

ते खोटं तुझं नाही, माझं आहे, असं मी तिला परोपरीने सांगितलं. तिने मान हलवली आणि खाली बसली. लाज माझी, आणि ती मान खाली घालून बसली होती, हे मला बघवेना.

स्पर्धेला दोन नंबरवालाच गेला. आता मुंगी कुठलाही आकडा वहीत लिहिण्याआधी माझ्या तोंडाकडे बघते.