लीलाबाईची खाट

मनोहरने तिसऱ्यांदा कडी वाजवली तेव्हा आत काहीतरी जड सरकवल्याचा आवाज झाला. दार मात्र उघडले नाही.

"कोन होय?"

"मी मनोहर, लीलाबाई. पेपरवाला मनोहर."

भर दुपारी लीलाबाईचे दार बंद असलेले त्याने जन्मात पाहिले नव्हते. त्याने मागे वळून पाहिले. गल्लीच्या तोंडाशी मोतीराम उभा होता. सायकलदुरुस्तीचे काम तसेच टाकून आल्यामुळे त्याचे हात ग्रीसने काळे होते. त्याचा हेमंत सकाळपासून ठाण्यात बसला होता. लीलाबाईने संध्याकाळपर्यंत स्वतः येऊन "खाट मीच बाहेर ठेवली होती" एवढे सांगितले तर पोराला सोडू, नाहीतर उद्या कोर्टात उभा करू, असे बाहेरून बदलून आलेले नवे ठाणेदार म्हणाले होते. एकोणीस वर्षांच्या पोराच्या नावाला एकदा चोरी चिकटली की ती सुटत नाही, हे मोतीरामला कुणी सांगायला नको होते. मनोहरने आधी स्वतःच सांगून पाहिले होते. ठाणेदारांनी समोरचा पेपर त्याच्याकडे फिरवला आणि म्हणाले, "लिखा आपने, अब मुकर भी आप ही रहे हैं?"

भानगड काय, तर एका खाटेची. एका पायाने अधू, सुंभ लोंबणारी खाट. होळीच्या आधी पोरे लाकूड पळवतात, त्याला सौंसरात कुणी चोरी म्हणत नाही. लीलाबाई तर पोरांच्या हक्काची. दरवर्षी ती काहीतरी मोडके निवडून ओट्याच्या कडेला ठेवायची. कधी फाटकाची फळी, कधी पाळण्याची दांडी. मग पोरांना मोकळे रान मिळावे म्हणून मुद्दाम भजनाला निघून जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र रस्त्याच्या मधोमध उभी राहून असा तोंडाचा पट्टा सोडायची की पोरे भिंतीआड तोंडात रुमाल कोंबून ऐकत बसायची. "मुडदेहो, हाताले किडे पडतीन तुमच्या! गरीब बाईचं घर लुटलं रे!" तिने शिव्या घातल्याशिवाय त्या गल्लीची होळी पेटत नसे. धुळवडीला तीच पोरे गुलाल घेऊन यायची आणि तिच्या हातच्या पुरणपोळ्या हाणून जायची. मनोहरनेही एका वर्षी तिची फळी पळवली होती, पोळ्याही खाल्ल्या होत्या.

म्हणजे परवा सकाळी पेपर वाटताना त्याच्या कानावर त्या शिव्या पडल्या, तेव्हा त्याला कळले नाही असे मुळीच नव्हते.

पण महिन्याभरापूर्वी जामसांवलीहून दर्शन करून परतणाऱ्या एका बाईच्या गळ्यातली पोत बसस्टँडवर दोन पोरांनी हिसकावली होती. ते खरेच घडले होते. मनोहर पेपरचा एजंटही होता आणि वार्ताहरही. त्याने बातमी पाकिटात घालून नागपूरच्या बसच्या कंडक्टरकडे दिली आणि ती चौकटीत छापून आली. वरून निरोप आला, अशाच पाठवत जा. त्या दिवसापासून मनोहरला जिकडेतिकडे तसेच दिसू लागले. पानठेल्यावर उभी राहणारी पोरे त्याच्या बातमीत 'टोळके' झाली. दिवेलागणीलाच शटर पडू लागली, बाया पोत पदराखाली लपवून चालू लागल्या, आणि पेपर हातोहात खपू लागला. कौतुक कुणाला नको असते!

काल छापून आले होते: 'सौंसरात तरुणांच्या टोळीचा पुन्हा धुमाकूळ, एकट्या वृद्धेच्या घरावर डल्ला.' मथळा नागपूरच्या लोकांचा, बाकीचे मनोहरचे. खाट गेली हे खरे, नेणारे चार-पाच तरुण होते हे खरे, बाई एकटी राहते हेही खरे. फक्त शिमगा आहे हे लिहायचे त्याने टाळले. आणि 'वृद्धा भयभीत झाली आहे' हे वाक्य हाताला सवय झाली होती म्हणून शेवटी उतरले. आज सकाळी पोलिसांनी होळीच्या ढिगावरून खाट उतरवून नेली, आणि ती डोक्यावर वाहून आणणारा म्हणून हेमंतलाही नेले.

खिडकीची फळी बोटभर सरकली. फटीत लीलाबाईचा एक डोळा दिसला.

"एकटाच आहेस ना?"

"एकटाच. दार तं उघडा."

"इथूनच बोल, बापा."

"हेमंतले ठाण्यात बसवून ठेवलं, लीलाबाई. मोतीरामच्या पोराले. तुमची खाट नेली म्हनून."

"मायबाई! थो बी होता काय त्याईच्यात?"

"कोनाच्यात?"

"टोळीत."

मनोहर हसला. हसणे त्याचे त्यालाच बरे वाटले नाही.

"कायची टोळी घेऊन बसल्या! होळीचं लाकूड न्याले आलते पोट्टे. खाट तुमीच ठेवली होती ना ओट्यावर?"

"ठेवली तं मीच."

"मग झालं तं! तेवढंच ठाण्यात येऊन सांगा. पोट्टा आत्ता सुटते."

"मी ठेवली आपल्या पोट्ट्याईसाठी. पन नेली कोनं, हे मले काय मालूम? मी भजनात होती." तिचा आवाज खाली गेला. "काल शेजारच्या इंदूनं पेपर वाचून दाखवला. माह्यं नाव आलं त्याच्यात, गल्लीचं बी आलं. रातभर डोया लागला नाई मले. जातं सरकवून ठेवलं दाराले."

"अवो, शिव्या कोनाले देऊन राहिल्या होत्या मग तुमी परवा?"

"तवा मले कुठं ठाऊक होतं?"

मनोहरने खिडकीच्या गजाला हात लावला, तशी ती मागे सरली. त्याने हात काढून घेतला. त्याला आता मनापासून भीती वाटू लागली होती.

"हेमंत लहानपनापासून येते तुमच्याकडं. मागच्या धुळवडीले तुमच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या त्यानं. आठवते ना?"

"आठवते ना." तिने फटीतून गल्लीकडे पाहिले. "तवाच घर पाहून ठेवलं असन त्यानं."

गल्लीत कुणी नव्हते. समोरच्या घराचेही दार लागलेले होते. मोतीराम अजून तिथेच उभा होता आणि इकडेच पाहत होता.

"लीलाबाई, आयका माह्यं. पेपरात आलं ते खरं नाई."

"पेपरात खोटं कसं येईन?"

"येते. मी सांगून राहिलो ना. ती बातमी मीच लिवली. मी, मनोहरनं."

खिडकीची फळी हळूहळू सरकली. लीलाबाईचा सगळा चेहरा दिसला, जागरणाने ओढलेला, डोळे सुजलेले. ती त्याच्याकडे निरखून पाहत होती. आता कडी निघेल, असे मनोहरला वाटले.

"तू लिवली?"

"हो."

"मग तं तुले सारंच मालूम असन, बापा." तिचे डोळे भरून आले. गजातून हात बाहेर काढून तिने त्याच्या मनगटाला धरले. "बरं केलं लिवलं ते. नाई तं मरेपरेंत मी त्याईले आपलेच पोट्टे समजत राहिली असती."

तिने हात आत घेतला. फळी लागली. मग आतून जाते आणखी थोडे दाराकडे सरकल्याचा आवाज आला.

मोतीराम पँटला हात पुसत घाईघाईने गल्लीतून येत होता.

"येऊन राहिली ना बाई?" त्याने दुरूनच विचारले.