मागच्या चाकाचा माणूस

दोघा भावांची ती जीप इतकी जुनी, की ती आली तेव्हा समोरचा डोंगर गुडघ्याएवढा होता. खोटं वाटत असेल तर डोंगराला विचारा. ब्रेक मात्र खरोखरच नावापुरते होते. मागच्या चाकांना बंद डब्यासारखे जुने ड्रम-ब्रेक. ओढा ओलांडला की आत चिखलपाणी शिरायचं आणि हँडब्रेक खेचूनही गाडी चढावर मागे सरकायची. म्हणून थांबायचं झालं की धाकटा टुणकन उतरून चाकाला दगड लावायचा. तीस वर्षं दोघं वरच्या वस्त्यांना गॅसच्या टाक्या पोचवत होते. थोरला गाडी चालवायचा, धाकटा दगड लावायचा. धाकट्याला ना बायको, ना दुसरा धंदा. हाच त्याचा हुद्दा.

मग त्याचे गुडघे गेले. एकदा उतरताना तो कोसळला आणि चाक त्याच्या पायापासून चार बोटांवर येऊन थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच थोरला माझ्या गॅरेजात हजर.

"मिस्त्री, मागचे ड्रम काढून डिस्क-ब्रेक बसवा. हँडब्रेक असा करा, की गाडी भिंतीवरही उभी राहिली पाहिजे."

"पालीला विचारून बसवतो," मी म्हटलं. तो हसला नाही.

काम चार दिवस चाललं. धाकटा रोज येऊन स्टुलावर बसायचा. तिसऱ्या दिवशी मी हँडब्रेकची केबल ताणत होतो, तेव्हा हळूच म्हणाला, "जरा ढिली ठेवली तर?"

"कशाला?"

"म्हणजे दादाला मी लागेन."

मी पाना खाली ठेवला. म्हटलं, "ढिली ठेवायची गरजच नाही, बाबा. लांब उतार उतरला की ब्रेकची चकती, ही डिस्क, तापते. तशीच हँडब्रेक ओढून ठेवली की थंड होताना ती आकसते आणि पकड सुटते. गाडी आपोआप चालायला लागते. दगड लागणारच."

हे अक्षरन् अक्षर खरं होतं. धाकटा मात्र पोट धरून हसला. "मिस्त्री, तुमच्या रेड्यानं ट्रॅक्टर चिखलातून ओढला आणि वर ड्रायव्हरला शिव्या दिल्या, ते तुम्हीच सांगितलंत ना?"

"ते वेगळं."

"हे त्याचंच सख्खं भावंड. पण माझ्यासाठी रचलंत, कळतंय मला." त्यानं माझा खांदा थोपटला.

थोरल्यालाही मी बजावलं. त्यानं मान डोलावली, माझ्या गोष्टींना सगळे डोलावतात तशी. चौथ्या दिवशी जीप चढावर खिळल्यासारखी उभी राहिली. धाकट्यानं तिच्याभोवती एक फेरी मारली, "झकास," म्हणाला आणि पायी घरी गेला. त्यानंतर तो जीपमध्ये बसला नाही. थोरला रोज हाक मारायचा. "मी येऊन काय करू?" एवढंच उत्तर.

दीड महिन्यानं थोरला धापा टाकत आला. हातात मागचा फुटका दिवा. लांब उतार उतरून त्यानं जीप लावली होती, टाकी खांद्यावर घेऊन दहा पावलं गेला, तोवर ती निघाली आणि थेट झाडाला जाऊन धडकली. पठ्ठ्या दिव्याचं दुःख करायचं सोडून, आता धाकटा लागणारच या आनंदानं तशीच जीप हाकत आधी घरी पळाला होता.

"धाकट्याला दिवा दाखवला, मिस्त्री. तो म्हणतो, मिस्त्रींनी तुलाही सामील करून घेतलं का? आणि त्यासाठी चांगला दिवा कशाला फोडलास? तुम्ही चला. तुम्ही सांगा."

गेलो. धाकटा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिखटमीठ न लावता बोललो. उतार किती, डिस्क किती तापते, पकड कशी सुटते, सगळं सरळ सांगितलं. त्यानं डोळे मिटून ऐकून घेतलं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "ही तुमची सगळ्यात फिकी थाप. तब्येत बरी आहे ना तुमची?"

थोरला उठून बाहेर गेला. जीपचं दार लागल्याचं ऐकू आलं. इंजिन सुरू झाल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.