डाव्या हाताचे टाके

अनुजाचा पहिला चौकोन पोस्टाने घरी आला तेव्हा मेघना तळवडेकरने तिचा आवाजही ऐकलेला नव्हता. दादरच्या सुमेधा करंदीकरांनी गोधडी शिवणाऱ्या बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता. गावोगावच्या बायका त्यात होत्या. दर महिन्याला सुमेधाताई चिठ्ठ्या काढायच्या. जिचं नाव येईल तिला आपल्या हाताने शिवलेला वीतभर चौकोन पाठवायचा, आणि आपल्याला जो येईल तो आपल्या गोधडीत लावायचा. कोण कुठली, काय करते, हे हळूहळू कळत जायचं.

त्या चौकोनात मधे जांभळ्या इरकलीचा तुकडा होता आणि भोवती शाळेच्या गणवेशाच्या निळ्या पट्ट्या. मेघनाने तो परळच्या भोईवाड्यातल्या आपल्या खोलीच्या दारात, उजेडात धरून पाहिला. धावदोरा बारीक होता, पण टाके सगळे उलट्या बाजूला कललेले. असं कसं जमवलं असेल, म्हणून तिने ग्रुपवरून नंबर घेऊन फोनच लावला.

"मी डावखुरी आहे ताई," पलीकडून हसू आलं. "आईने लहानपणी लई मार दिला त्यावरून. पण हात काही बदलला नाही."

अनुजा जालन्याजवळ अंबडला एका शाळेत शिकवत होती. लग्न केलेलं नव्हतं, घरी ती आणि आई दोघीच. मेघना तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. मुलगी आकांक्षा नोकरीसाठी बंगळूरला गेल्यापासून मेघनाची दुपार रिकामी झाली होती. त्या दुपारी अनुजाने भरल्या. शाळा सुटली की तिचा फोन यायचा. हेडमास्तर काय म्हणाले, आईचे गुडघे, बाजारात आलेलं नवं सुती कापड, काहीही. मेघनाचा नवरा हितेंद्र घरी आला की विचारायचा, "काय गो, तुझ्या जालन्याची खबर काय?"

दोन वर्षं असं चाललं. मग एका संध्याकाळी अनुजाने विचारलं, "ताई, ते कॅन्सरचं हॉस्पिटल तुझ्या घरापासून लांब आहे का?"

परळमध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न नवा नसतो. गावाकडचं कुणी ना कुणी विचारतंच. मेघना सहज म्हणाली, "चालत जाता येतं. कोणाला आणतेयस?"

"मलाच यायचंय," अनुजा म्हणाली.

ती आईला घेऊन आली आणि हॉस्पिटलमागच्या एका धर्मशाळेत उतरली. मेघना डबा घेऊन गेली तेव्हा दारात एक बारीक, सावळी मुलगी उभी होती. फोनवरच्या आवाजावरून मेघनाने मनात धरलेली अनुजा चांगली धडधाकट होती. मग अनुजा म्हणाली, "फोटोत उंच वाटतेस तू," आणि मेघनाच्या गळ्यात पडली.

अनुजाची आई, सुभद्रामावशी, कोपऱ्यात पिशव्या लावत होत्या. त्या पुढे आल्या. डबा हातात घेतला आणि त्यातली पेज वाटीत ओतायला लागल्या.

केमो सुरू झाली. मधल्या बऱ्या दिवसांत मेघना तिला टॅक्सीने चाळीत घेऊन यायची. चाळीच्या गॅलरीत चटई टाकून दोघी शिवायला बसायच्या. डोक्याला रुमाल बांधलेली अनुजा कापडाच्या पिशवीत हात घालून रंग निवडायची. येणारीजाणारी शेजारीण विचारायची, "बहीण काय गो?" मेघना म्हणायची, "हां, धाकटी."

ग्रुपवर मात्र अनुजाने यातलं काही सांगितलं नव्हतं. मेघना म्हणाली, "सुमेधाताईंना तरी सांगूया. चांगल्या आहेत त्या. दादरला तर राहतात, भेटायला येतील."

"नको ना ताई. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत पोरं माझ्याकडे बघून गप्प होतात. आई रात्री माझा श्वास ऐकत बसते. तेवढ्या एका ग्रुपवर मी बरी आहे. तिथे मला सगळ्या रागावतात, चौकोन उशिरा पाठवला म्हणून. तेवढी एक जागा राहू दे."

मेघनाने शब्द दिला.

तिसऱ्या केमोनंतर अनुजाची बोटं बधिर झाली. सुई हातात आहे की नाही तेच तिला कळेना. एका दुपारी ती बराच वेळ एकाच टाक्याशी झटत राहिली, आणि मग मेघनाला कापडावर रक्ताचा ठिपका दिसला. बोटाला टोचलेलं अनुजाला समजलंच नव्हतं. तिने कापड खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर उलटे टाकून बघत बसली.

"या महिन्याचा कोणाला जायचाय?" मेघनाने विचारलं.

"नाशिकच्या सुरुचीला."

"रंग तू लाव. टाके मी घालते."

अनुजाने तुकडे जुळवले आणि मेघनाने शिवले. अनुजाच्या नावाने चौकोन नाशिकला गेला. आठवड्याने सुरुचीने ग्रुपवर फोटो टाकला. खाली बायकांनी लिहिलं, अनुजा, हात किती सुधारला गं तुझा! आता खरी सुबक झालीस!

मेघनाला वाटलं होतं, हे वाचून अनुजा खूश होईल. अनुजाने फोन उलटा करून उशीखाली ठेवला. मग म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगले घातलेस की टाके."

त्या रात्री मेघनाला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती डाव्या हाताने शिवायला शिकू लागली. आधी जुन्या उशीच्या खोळीवर. टाके वेडेवाकडे पडायचे, दोऱ्याला गाठी व्हायच्या, खांदा भरून यायचा. हितेंद्र बघून म्हणाला, "येडी झालीस काय तू?" तिने कारण सांगितलं. मग तो रोज सकाळी कामाला निघण्याआधी सुईत दोरा ओवून ठेवू लागला, कारण मेघनाला डाव्या हाताने ओवणं काही जमत नव्हतं.

पुढचा चौकोन सुमेधाताईंना जायचा होता. तो तिने पूर्ण डाव्या हाताने केला. टाके उलटीकडे कलले, पण लहानमोठे झाले. सुमेधाताईंनी ग्रुपवर लिहिलं, 'अनुजा, या वेळी घाईत केलास का? टाके वाकडे आलेत. तुझ्याकडून ही अपेक्षा नाही हं!' ते वाचून अनुजा इतकी हसली की तिला खोकला आला. सुभद्रामावशी पाणी घेऊन धावल्या. "आई, बोलणी बसली मला!" अनुजा डोळे पुसत म्हणाली. मुंबईला आल्यापासून ती एवढी हसलेली मेघनाने पाहिली नव्हती.

त्यानंतरचे चौकोन असेच गेले. रंग अनुजाचे, हात मेघनाचा. ग्रुपवर अनुजा उत्तरं लिहायची, चिडवाचिडवी करायची. दसऱ्याला तिने सगळ्यांना सोनं पाठवलं, आपट्याच्या पानाचा फोटो. तो फोटो मेघनाने भोईवाड्यातल्या फुलवाल्याकडे काढून दिला होता.

दिवाळीआधी डॉक्टरांनी सुभद्रामावशींना आत बोलावलं. मेघनाही गेली. डॉक्टर तरुण होते, हळू बोलत होते. आता औषध चालत नाही, घरी न्या, तिला आवडेल ते खायला द्या, असं म्हणाले. मावशींनी विचारलं, "मंग परत कधी आणायचं?" डॉक्टरांनी मेघनाकडे पाहिलं. ते मावशींना तिलाच सांगावं लागलं, बाहेरच्या बाकावर बसून, त्यांचा हात धरून.

निघताना अनुजाने मेघनाला कापडाची पिशवी दिली. "पुढच्या महिन्याचे रंग लावून ठेवलेत. घालशील ना टाके?"

"घालीन."

"डाव्या हाताने हं."

गाडी सुटेपर्यंत मेघना खिडकीशी उभी होती. अनुजा बोलत होती, पण काचेमुळे ऐकू आलं नाही. नंतर फोनवर विचारू, असं मेघनाला वाटलं. नंतरच्या फोनवर अनुजाला बोलण्याची ताकद नव्हती.

मार्गशीर्षात एका दुपारी मावशींचा फोन आला. "गेली," एवढंच म्हणाल्या. मागून बायकांचा आवाज येत होता. त्याच वेळी ग्रुपवर कुणीतरी विचारत होतं, अनुजा, माझा चौकोन कधी पाठवतेस?

मेघनाने सुमेधाताईंना फोन केला आणि आजारपणाचं, हॉस्पिटलचं सांगितलं. टाक्यांचं मात्र तिच्याने सांगवलं नाही.

ग्रुप हादरला. चार दिवस बायका नुसतं रडत लिहीत होत्या. मग सुमेधाताईंना एक गोष्ट सुचली. अनुजाने ज्यांना ज्यांना चौकोन पाठवले त्यांनी ते उसवून दादरला पाठवायचे, आणि त्यांची एक गोधडी करून तिच्या आईला द्यायची. सगळ्या एका शब्दावर तयार झाल्या. तयार गोधड्या उसवल्या गेल्या. मधोमध भोकं पडलेल्या गोधड्यांचे फोटो ग्रुपवर येत राहिले. मेघना ते बघायची आणि फोन ठेवून द्यायची.

तिच्याही गोधडीत तो पहिला जांभळा चौकोन होता. उसवायला बसली तेव्हा हितेंद्र म्हणाला, "एक ऱ्हवांदे गो तुका. कोण विचारता?"

"मावशी विचारणार नाहीत म्हणूनच," ती म्हणाली आणि कात्रीचं टोक दोऱ्यात घातलं.

तो चौकोन घेऊन ती सुमेधाताईंकडे दादरला गेली. जेवणाच्या टेबलावर सगळे मांडलेले होते. सुमेधाताई प्रत्येकावरून हात फिरवत होत्या. "बघ ना, एवढीशी पोर, किती काम करून गेली. हा माझा. शेवटी शेवटी हात थरथरत असेल गं तिचा, आणि मी तिला वाकडे टाके म्हणाले."

मेघनाला आता गप्प राहवेना. "सुमेधाताई, तो तिचा नाही. मी शिवलाय. नाशिकचा पण. त्यानंतरचे सगळेच."

सुमेधाताई खुर्चीत बसल्या. मेघनाने सगळं सांगितलं. बोटं, रक्ताचा ठिपका, उशीची खोळ. बोलून झाल्यावर सुमेधाताईंनी आपला चौकोन मांडीवर ओढून घेतला.

"मी बोलले ते तिने वाचलं होतं?" सुमेधाताईंनी विचारलं.

"वाचलं. खूप हसली. खोकला येईपर्यंत."

सुमेधाताईंनी तोंडावर पदर धरला.

संध्याकाळी मेघनाने ग्रुपवरही स्वतःच्या आवाजात सगळं सांगून टाकलं. काहींनी तिला जवळ घेतल्यासारखं लिहिलं. काही गप्प राहिल्या. सुरुचीने लिहिलं, 'ती गेल्यापासून, दादरला पाठवेपर्यंत, तो चौकोन मी उशाशी घेऊन झोपत होते. तो तिचा नव्हताच, हे मला आता सांगतेस?' आणि ती ग्रुपमधून बाहेर पडली. मेघनाने तिला फोन केला. तिने उचलला नाही.

राहिल्या मावशी. त्यांच्यापासून काही लपलेलं नव्हतं. मेघना शिवायची तेव्हा त्या शेजारीच शेंगा सोलत बसलेल्या असायच्या. तरी मेघनाने फोन करून विचारलं, "मावशी, सगळे पाठवू ना? रंग तर तिनेच निवडलेत." त्या 'सगळेच पाठव' म्हणतील, अशी तिला मनातून खात्री होती. त्या दुपारी त्या दोघीच नव्हत्या, तिघी होत्या.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लेकरा, तिच्या हातचे तेवढेच धाड. तू लई केलंस, मी काय आंधळी नव्हते. पण मला रात्री हात फिरवायचाय त्याच्यावरून. मधेच तुझा टाका आला तर मला कळंल गं. राग नको मानू."

"नाही मावशी," मेघना म्हणाली. "राग कसला."

फोन ठेवून ती मोरीत गेली, नळ सोडला आणि तिथेच खाली बसून रडली. अनुजा गेल्याचं कळलं त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दादरला जाऊन तिने चौकोन वेगळे केले. फार विचार करावा लागला नाही. स्वतःचा हात तिला कापड न उलटताच ओळखू येत होता. नाशिकचा बाजूला काढला, बाकीचेही काढले. सुमेधाताईंनी आपला मागून घेतला. "वाकडा असू दे," म्हणाल्या. आपल्या हातचे उरलेले मेघनाने वर्तमानपत्रात गुंडाळले. अनुजाने शेवटी लावून ठेवलेले रंग पिशवीत तसेच होते. त्यांना तिने टाके घातले नव्हते.

अनुजाच्या हातचे चौकोन एकत्र केले तर गोधडी लहान मुलाच्या दुपट्याएवढी होत होती. बायका म्हणाल्या, कडेने साधं कापड लावून मोठी करू. मेघना म्हणाली, "नको. आहे तेवढीच असू दे." जोडायचं आणि अस्तर लावायचं काम तिने सुमेधाताईंवर सोपवलं. स्वतः सुई उचलली नाही.

गोधडी अंबडला पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. थंडी आहे का मुंबईला, हितेंद्ररावांचं कसं, आकांक्षा आली होती का, असं सगळं विचारून झालं.

"गोधडी पोचली ना मावशी?"

"पोचली. बरी केलीय."

"थंडीत पायावर घेता ना?"

"नाही घेत गं. घडी करून ठेवलीय तिच्या खाटेवर. अंगावर घेतली की मळंल. मळली की धुवावी लागंल." मावशी पुढे म्हणाल्या, "अजून तिचा वास आहे एकदोन तुकड्यांना. तिच्याच जुन्या साडीचे आहेत ना ते."

फोन कुणीच ठेवला नाही. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. बऱ्याच वेळाने मावशींनी विचारलं, "जेवलीस का?"

"नाही अजून. तुम्ही?"

"खाईन. एकटीचं काय."

"मावशी, आत्ता टाका भात. मीही टाकते. फोन चालू ठेवा."

मावशींनी फोन ओट्यावर ठेवल्याचं ऐकू आलं. मग डब्याचं झाकण, आणि तांदूळ धुतल्याचा आवाज. मेघनाने आपला गॅस पेटवला.