माझ्या पोटातल्या दहा गाड्या

मी एक जुना डबा कॅमेरा आहे, मित्रांनो. आकुर्डीच्या एका खोलीत, वरच्या फळीवर, डालड्याच्या रिकाम्या डब्यामागे पडून मला बारा वर्षं झाली. माझ्या झाकणाच्या बिजागरीत कुंकवाचा एक कण अडकलाय. तो कुणालाच ठाऊक नाही.

माझे धनी ज्योतीराम. कारखान्यात लेथवर काम करायचे. अडुसष्ट साली कंपनीनं त्यांना सहा महिने पश्चिम जर्मनीला शिकायला धाडलं. तिथल्या जुन्या बाजारात त्यांनी मला घेतलं आणि बारा फोटोंचा एकच रोल भरला. रविवारी मला गळ्यात अडकवून ते आगळ्या गाड्या धुंडत हिंडायचे. तिथल्या लोकांनाही त्या जुनाट वाटायच्या, पण माझे धनी रस्त्यातच थबकायचे. एक गाडी अंड्यासारखी, दार चक्क नाकावर. एक तीन चाकांची, डोक्यावर विमानासारखं काचेचं झाकण, आत माणसं एकामागे एक बसलेली. आणि एक तर सरळ रस्त्यावरून नदीत उतरली नि तरंगत पलीकडे गेली!

अशा दहा गाड्या मी पोटात साठवल्या. उरलेले दोन फोटो घरच्यांसाठी राखले.

परतल्यावर कॅन्टीनमध्ये त्यांनी हे सांगितलं, तर शेजारच्या मशीनवरचे भिमाजी खो खो हसले.

"पाण्यात चालणारी गाडी? राव, जरा बेतानं हाणा! उद्या म्हणाल, उडतीपण."

"दसऱ्याला रोल संपंल. धुऊन आला की बघा," धनी म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

घरी मात्र अंबूबाई, त्यांची बायको, भाकरी थापता थापता पुन्हा पुन्हा विचारायची, "अवं, त्या नदीतल्या गाडीचं सांगा की. पानी आत न्हाई का शिरत?" तिचा सगळा विश्वास होता. कारखान्यातली थट्टा धनी त्या विश्वासावरच सोसत होते.

मग खंडेनवमी आली. धनी पहिल्या शिफ्टला, कारखान्यातल्या पूजेला गेले. अंबूबाईनं दारापुढं पाट मांडला, त्यावर नट आवळायचे पाने, कानस, सायकलचा पंप ठेवला. शेवटी मला.

"सुमे, झेंडू आण गं," तिनं लेकीला हाक मारली. "तुझे बाबा म्हनत्यात, नुसत्या वरवरच्या पूजेनं यंत्र राबत न्हाई. झाकण उघडून आत बोट लावावं."

आणि तिनं माझं झाकण उघडलं.

मित्रांनो, मला डोळा आहे, तोंड नाही. ऊन भसकन आत शिरलं. एकेक गाडी माझ्या पोटात जळत गेली, आणि त्याच वेळी तिचं कुंकवाचं बोट इतकं हळुवार फिरत होतं की मला रागावताही येईना. दुपारी, धनी कामावरून परतण्याआधीच, तिनं झाकण लावलं, मला नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, धन्यांनी उरलेले दोन फोटो काढले, तेव्हा नव्या लुगड्यात लेकीसह माझ्यापुढं उभी राहून ती हसली.

चिंचवडच्या स्टुडिओत दत्तोबांनी काळाठिक्कर रोल उजेडात धरला. "ज्योतीराम, मागचं झाकण कुणी उघडलं होतं का?"

धन्यांनी माझ्या आत पाहिलं. कुंकू दिसलं. मग रुमालानं पुसून काढलं. बिजागरीतला कण तेवढा राहिला.

घरी अंबूबाई दारातच उभी होती. "आल्या का गाड्या?"

"न्हाई," ते म्हणाले. "माझंच चुकलं. त्यात काहीच आलं न्हाई."

"काहीच?"

"काहीच."

तिनं पुढं विचारलं नाही. पुन्हा कधीच विचारलं नाही. कारखान्यात त्यांचं नाव 'नदीवाले' पडलं. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. ऐंशी साली छातीच्या दुखण्यानं ते गेले, आणि गाड्यांविषयी घरात कुणी अवाक्षर काढलं नाही.

परवा फळी झाडताना सुमनच्या हाती मी लागलो. "आई, बाबांनी त्या गाड्या खरंच बघितल्या होत्या का गं?"

अंबूबाई माझ्याकडं बघत राहिली. "देव जाणे, बाई. सांगायचे मातर लई ग्वाड."

सुमननं धूळ पुसली आणि मला परत डब्यामागे ठेवलं. झाकण उघडलं नाही.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू मायेनंसुद्धा उघडण्याआधी विचारा. आणि मायेपोटी कुणाची चूक झाकाल, तर तिच्याखाली तुमचं खरंही गाडलं जाईल, एवढं ध्यानात असू द्या.

ती गाडी नदीत उतरली होती, अंबूबाई. पाणी आत शिरलं नव्हतं.