रांगोळीवरचा थेंब

मी एक जुनी मोटार आहे. बुलढाण्याला शरच्चंद्र सरांच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली माझा मुक्काम असतो. माझ्या मागच्या चाकाला एक काळा दगड टेकवलेला आहे. मित्रांनो, तो दगड या अंगणातला नाही. तो राजूर घाटातला आहे. तो इथे कसा आला ते मी सांगणार आहे. पण ती सकाळ आठवली की आजही माझ्या अंगातली एकेक स्प्रिंग आवळून येते, म्हणून जरा सावकाश सांगते.

सत्तर वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तो कारखाना केव्हाच बंद पडला. मी बोटीने मुंबईला आले, रेल्वेने नांदुऱ्याला उतरले आणि वडनेर भोलजीच्या पुंजाजी पाटलांच्या दारात जाऊन उभी राहिले. माझा बाटलीसारखा हिरवा रंग बघायला सारं गाव लोटलं होतं. पंचवीस वर्षं मी त्या घरी राबले. नव्या नवऱ्या सासरी पोचवल्या, अडलेल्या बाळंतिणी खामगावच्या दवाखान्यात नेल्या. मग पाटील गेले, घरात नवी गाडी आली आणि मला लिंबाच्या झाडाखाली ढकलून दिलं. माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. ज्याला जे हवं ते त्याने माझ्या अंगावरून काढून नेलं. मी कुणाला कशी अडवणार? मला तोंड कुठे आहे!

तिथून मला उचललं शरच्चंद्र सरांनी. ते शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. जुन्या मोटारी आणि त्यांचे सुटे भाग गोळा करायचं त्यांना वेड आहे. त्यांचे जोडीदार शालिग्रामभाऊ, उभा जन्म मोटारी दुरुस्त करण्यात घालवलेले. दर रविवारी दोघं माझ्या शेजारी खुर्च्या टाकून बसत आणि त्याच त्या आठवणी पुन्हा पुन्हा काढत.

"सर, आपली चाकाची टोपी आठवते का? रोहिणखेडले त्या म्हातारीनं रांजणावर झाकण ठेवली होती!"

"अरे, ती देईना! शेवटी पितळेचं झाकण नेऊन दिलं तिला, तेव्हा सुटली."

"अन् संग्रामपूरच्या बजारातला भोंगा? त्याचा रबरी फुगा फाटेल होता, म्हणून तर तुमच्या हाती लागला!"

तो भोंगा माझ्या दाराला बाहेरून लावला आहे. फुगा मात्र शालिग्रामभाऊंनी नवा बसवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो.

या घरात माझं आणखी एक माणूस आहे. सरांच्या पत्नी, सुलभाताई. तुळशीला पाणी घातल्यावर उरलेलं हळदीकुंकू त्या रोज माझ्या कपाळी टेकवतात, म्हणजे बॉनेटवर. त्यांचे नेमधर्म पुष्कळ. चातुर्मासात सूर्य उगवल्यापासून दुपारी बारापर्यंत त्यांचं मौन असतं. पोथी वाचायची तीही मनातल्या मनात. मला त्या मौनाचं फार बरं वाटायचं. घरात न बोलणाऱ्या आम्ही दोघी असायचो.

आता त्या रबराचं सांगते. पंधरा ऑगस्टला मलकापूरला जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता आणि मला तिथे न्यायचं ठरलं होतं. माझं सगळं तयार होतं, फक्त ब्रेक राहिले होते. ब्रेकचं काम सोपं असतं. पॅडल दाबलं की नळीतून तेल चाकापर्यंत धावतं. तिथे रुपयाच्या नाण्याएवढी एक रबराची वाटी असते. ती तेलाला अडवते, म्हणून चाक थांबतं. ती वाटी गेली की तेल गेलं, आणि तेल गेलं की ब्रेक गेले. चार माणसांचा जीव त्या एवढ्याशा वाटीत असतो.

एका दुपारी सर जालन्याहून आले ते जवळजवळ धावतच. हातात एक पिवळं पडलेलं पाकीट.

"शालिग्राम, बघ! बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर सापडलं. हिच्याच कंपनीची ब्रेकची रबरं. शिक्कासुद्धा फुटलेला नाही!"

शालिग्रामभाऊंनी आधी हात पुसले, मग पाकीट घेतलं. "सर, हे तर माह्या जन्माच्या आधीचं हाय! पन, नवं रबर बजारात भेटते. मी तेच आणतो म्हटलं होतं."

"बाजारातलं? अरे, साठाच्या वर वर्षं झाली, कुणी हात लावला नाही याला. ओरिजनल ते ओरिजनल. मेळाव्यात छाती पुढे काढून सांगता आलं पाहिजे."

"हाव, हे बी खरंच हाय," शालिग्रामभाऊ म्हणाले. त्यांचं बोट त्या शिक्क्यावरून हळूच फिरत होतं.

सुलभाताई चहा घेऊन आल्या होत्या. दुपार उलटली होती, म्हणून त्या बोलल्या.

"मी एक विचारू का? कुकरचं नवं रबर मी दोन वर्षं डब्यात जपून ठेवलं होतं. काढलं तर लाकडासारखं कडक. वापरलंच नव्हतं, तरी गेलं. याचंही तसंच नसेल ना झालं?"

सर हसले. "अगं, तो कुकर, ही मोटार!"

"वहिनी, हिची शिट्टी नाही वाजत हो!" शालिग्रामभाऊंनी पुस्ती जोडली.

सुलभाताई हसल्या आणि कपबशा उचलून आत गेल्या. आणि मित्रांनो, माझंही खरं ते सांगते. मलाही हसू आलं होतं. इतकी वर्षं कोंबड्यांचं खुराडं होऊन राहिले, आता माझ्या जन्माची रबरं मला मिळणार, याचा मला ताठा चढला होता.

ती रबरं बसली. आठ दिवस गावातल्या सपाट रस्त्यावर मी छान थांबले. पण आतून मला कळत होतं. तेलाचा दाब आला की त्या वाट्यांना बारीक चिरा जात होत्या. मी ओरडून सांगितलं असतं. पण माझं बोलणं म्हणजे एक थेंब.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी सुलभाताई माझ्याभोवती रांगोळी काढत होत्या. मागच्या डाव्या चाकापाशी त्यांनी पांढरं कमळ काढलं आणि त्यावर टपकन माझा थेंब पडला. त्या थबकल्या. बोटावर घेऊन चोळून पाहिला. इंजिनाच्या तेलासारखा काळा नव्हता, बुळबुळीत होता. त्यांनी सरांना हाताला धरून आणलं आणि बोटाने दाखवलं.

"अगं, म्हातारी गाडी, थोडं गळणारच," सर घाईत होते. "गळायची थांबली तर समजायचं, आत तेलच उरलं नाही. चल, उशीर होतोय."

सुलभाताईंनी शालिग्रामभाऊंकडे पाहिलं. ते डिकीत हत्यारांची पेटी ठेवत होते. सुलभाताईंनी एकदा ओठ उघडले. मला वाटलं, आता बोलतील. पण चातुर्मासातलं मौन, आणि त्यात कुकरच्या रबराचं ते हसू. त्यांनी ओठ मिटले आणि जपमाळ घेऊन पुढच्या सीटवर बसल्या.

आम्ही निघालो. सर चालवत होते, मागे शालिग्रामभाऊ. रस्त्यावर शाळेची मुलं झेंडे हलवत होती, माझ्याकडे बघून ओरडत होती. मला मात्र प्रत्येक ब्रेकला तेल सांडताना कळत होतं. गाव मागे पडलं. घाटाचं तोंड आलं. खाली मोताळ्याकडची हिरवीगार रानं दिसू लागली आणि माझं नाक उताराकडे वळलं.

पहिल्या वळणावर सरांनी पॅडल दाबलं. ते नेहमीपेक्षा खोल गेलं. त्यांनी पुन्हा दाबलं. थोडा ब्रेक लागला. सर समोरच बघत राहिले. पण सुलभाताईंची नजर त्यांच्या पायावर गेली होती. त्यांच्या बोटांतली माळ थांबली.

दुसऱ्या वळणावर पॅडल तळाला टेकलं.

"अहो, गाडी थांबवा," सुलभाताई म्हणाल्या. सकाळपासूनचा पहिला शब्द. ना किंचाळी, ना रडं. देवघरातून हाक मारावी तसा आवाज.

"थांबत नाही," सर म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम चष्म्यावर ओघळला. "सुलभा, थांबत नाहीये ती!"

"सर, पॅडल मारत राहा!" शालिग्रामभाऊ मागून पुढे झुकले. "गेर पाडा! सेकंडात घ्या!"

सरांनी गिअरचा दांडा ओढला. माझ्या पोटात दात दातावर घासले, कर्रर्र आवाज झाला आणि दांडा बाहेर फेकला गेला. आता मी कुठल्याच गिअरमध्ये नव्हते. नुसता उतार आणि माझं वजन. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. वेग वाढत होता आणि मला माझा वेग आवरत नव्हता. सत्तर वर्षांत मी एवढी कधी भ्याले नव्हते.

"नाही जात रे! नाही जात!"

"शालिग्रामभाऊ सांगतात तसं करा," सुलभाताई म्हणाल्या. "त्यांचं ऐका. दुसरं काही बघू नका."

"क्लच दाबा... सोडा... आता थोडी रेस द्या... पुन्हा दाबा, अन् टाका!"

खट्! दांडा बसला. माझं इंजिन जनावरासारखं घुमलं आणि वेग जरा तुटला.

"वहिनी, तुमच्या बाजूले हँडब्रेक हाय. ओढा! एकदम नका ओढू, चाकं घसरतीन. हळूहळू!"

सुलभाताईंनी माळ गळ्यात टाकली आणि दोन्ही हातांनी तो दांडा धरला. ताक घुसळताना दोरी ओढावी तशी त्या एका लयीत ओढत गेल्या. थोडं, आणखी थोडं. हँडब्रेकला तेल लागत नाही, त्याला नुसती तार असते. ती तार करकरत ताणली गेली. मी तिला म्हणत होते, बाई, तू तुटू नकोस.

पुढचं वळण उघडलं आणि समोर बायका! घाटातल्या देवीला निघालेल्या, हातात पूजेची ताटं, सगळ्या रस्त्याच्या मधोमध. सरांचे दोन्ही हात चाकावर. शालिग्रामभाऊंनी मागच्या खिडकीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं आणि संग्रामपूरच्या त्या भोंग्याचा फुगा जिवाच्या आकांताने दाबला. पों! पों! पों! नव्या रबराचा तो फुगा, आठ-दहा वेळा दाबला तरी दगा दिला नाही त्याने.

बायका डोंगराकडे पांगल्या. एका म्हातारीचं ताट माझ्या आरशाला लागलं आणि झेंडूची फुलं काचेवर उधळली. पुढे रस्त्याच्या कडेला मुरमाचा ढीग होता. सरांनी चाक तिकडे वळवलं. माझं नाक मुरमात घुसलं, मागचं अंग उचललं गेलं, खाली आदळलं, आणि मी थांबले.

शालिग्रामभाऊ उडी मारून उतरले, एक काळा दगड उचलला आणि माझ्या चाकाला लावला. मग तिथेच रस्त्यावर फतकल मारून बसले.

ती म्हातारी रिकामं ताट घेऊन आली. तिचं नाव मनकर्णाबाई, ते नंतर कळलं. "काऊन हो भाऊ! देवीले जाऊन राह्यलो आम्ही, तुम्ही काय आम्हाले डायरेक्ट देवाघरी धाडता का?"

सरांनी हात जोडले. मनकर्णाबाईनं सुलभाताईंचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि तिचा राग विरला. "बसा जरा. पानी प्या," ती म्हणाली.

शालिग्रामभाऊंनी तिथेच मागचं चाक उतरवलं. ती रबराची वाटी तळहातावर घेऊन सरांपुढे धरली. सुकलेल्या बोरासारखी ती तडकली होती. त्यांनी चिमटीत दाबली, तर तिचा चुरा झाला.

"पाकिटात राहूनच मेली हे, सर. मले समजाले पाहिजे होतं. मी बी भुललो त्या शिक्क्याले."

सरांनी तो चुरा रुमालात गोळा केला. मग सुलभाताईंना म्हणाले, "माझ्यामुळे तुझं मौन मोडलं."

"मोडलं ते उशिरा," सुलभाताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सकाळी रांगोळीपाशीच मोडायला हवं होतं. मी नेम सांभाळत बसले."

"नाही. तू आठ दिवस आधीच बोलली होतीस. मी हसलो."

मेळावा हुकला. एका ट्रॅक्टरला बांधून मला हळूहळू घरी आणलं. तो काळा दगड सुलभाताईंनी मागून घेतला आणि मांडीवर ठेवून आणला.

आता माझी सगळी रबरं नवी आहेत, बाजारातली, आणि दरवर्षी बदलली जातात. ते पिवळं पाकीट अजून आहे. रविवारी जुन्या गाड्यांचे शौकीन जमले आणि आठवणी निघाल्या की सर आधी ते पाकीट काढतात, चुरा सगळ्यांच्या हातावर देतात आणि स्वतःची चूक स्वतः सांगतात. प्रत्येकाच्या घरी, कपाटात, असं एखादं न फोडलेलं पाकीट असतंच.

सुलभाताईंचं मौन दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं. मात्र त्यात एक नेम वाढला आहे. सूर्य उगवण्याआधी, बोलायची मुभा असते तेव्हाच, त्या हातात दिवा घेऊन माझ्या चारही चाकांशी वाकतात आणि जमीन बोटाने चाचपून बघतात. कोरडी असेल तर त्या काळ्या दगडावर एक फूल ठेवतात आणि मग गप्प होतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी असेल, ज्याला तोंड नाही. एखादी जुनी मोटार, सायकल, पाण्याचा पंप, गोठ्यातली गाय. आम्हाला नुसतं कपाटात जपू नका आणि आमच्या वयाचं कौतुकही फार करू नका. आम्ही बोलतो ते थेंबाएवढंच बोलतो. तेवढ्यासाठी रोज एकदा वाकून बघत जा.