ग्रिमकेलच्या तलवारीवर जळणारा दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. मुठीएवढा, राखाडी, वरच्या अंगाला एक भोक असलेला. आणि आधीच कबूल करून टाकतो, मी जळकुकडा आहे! दगडाला कसला आलाय हेवा, असं म्हणाल तुम्ही. अरे, हजार वर्षं एकाच तलवारीच्या शेजारी काढून बघा, मग बोला.

आमचं गाव हेस्टविक, दूर उत्तरेच्या थंड मुलुखात. समोर खाडी, मागे डोंगर. त्या डोंगरात एक दगड निघतो, इतका मऊ की सुरीनेही कोरता येतो. थोरगुनच्या बापाने मला त्यातून कोरलं. मला एकट्याला नाही, असे तीस जण कोरले, आणि थोरगुनच्या लग्नात तिच्या पेटीत भरून दिले. सासरी पेटी उघडली तेव्हा तिच्या सासूने, हेरदिसने, कपाळालाच हात लावला.

"सुनेच्या घरून दगड आलेत गं बाई! चांदी संपली वाटतं त्यांच्याकडची?"

थोरगुन नवी नवरी, पण गप्प बसणारी नव्हती. म्हणाली, "सासूबाई, चांदीने शीड विणता येत असेल तर सांगा, उद्याच निरोप धाडते माहेरी."

बस्स! त्या क्षणापासून मी थोरगुनचा झालो.

आमचं काम काय, सांगतो. भिंतीला उभा माग टेकवलेला असायचा. वरच्या दांड्यावरून लोकरीचे धागे खाली सोडलेले. ते लोंबते धागे ताठ कोण धरणार? आम्ही! धाग्यांच्या जुड्या आमच्या भोकात ओवून बांधायच्या, की आम्ही आपल्या वजनाने खाली ओढ धरायचो. मग थोरगुन उभ्याउभ्या आडवा धागा घालत या टोकाकडून त्या टोकाकडे जायची, परत यायची, परत जायची. मागासमोरची जमीन तिच्या पावलांनी खोलगट झाली होती, खरंच सांगतो.

आणि विणायचं काय? तर जहाजाचं शीड. आख्खं शीड लोकरीचं! चार बायका, दोन हिवाळे आणि एक उन्हाळा. मेंढ्या किती लागल्या ते विचारूच नका. हेरदिस मागून येऊन कापड चिमटीत धरायची आणि म्हणायची, "एवढं सैल? वारा अडवायचाय बाई, मासे नाही गाळायचे!" की थोरगुन बोटभर उसवून पुन्हा विणायची. खाली किनाऱ्यावर पुरुषांचं जहाज त्याच्या कितीतरी आधी बांधून झालं. पण जहाज झालं त्या दिवशी गावाला मटणाची मेजवानी, आणि शीड झालं त्या दिवशी? थोरगुनचा नवरा आउदुन म्हणाला, "झालं का एकदाचं!"

तेच शीड लावून आउदुन दक्षिणेला गेला. कातडी विकली, मध आणला आणि ती घेऊन आला. ती म्हणजे तलवार.

काय तो थाट! मुठीवर चांदीची तार, पात्यावर नागमोडी नक्षी. आल्या आल्या सगळं घर तिच्याभोवती. शेजारीपाजारी यायचे, हात लावायचे, "वा वा" करायचे. आउदुन दर पौर्णिमेला तिला चरबी चोळायचा. मला कुणी चरबी चोळली का? माझ्यावर कोंबडी बसायची, मित्रांनो. कोंबडी!

बरं, त्या तलवारीने केलं काय? कुणाला मारलं? कुणाला नाही. मी तिथेच लटकत होतो ना, सगळं बघत होतो. आयुष्यात एकदाच ती कामाला येता येता राहिली. पुरुषभर लांबीचा मासा सापडला म्हणून आउदुन मोठ्या ऐटीत तिने कापायला गेला. हेरदिस ओरडली, "अरे, मुठीला मासळीचा वास बसेल, गाढवा!" की तलवार पुन्हा भिंतीवर. तरी लोक बघायचे तिच्याचकडे. माझ्या पोटात नुसता जाळ.

आउदुन आणि थोरगुन म्हातारपणी एकाच हिवाळ्यात गेले. मुलांनी दोघांना एका टेकाडाखाली पुरलं. आउदुनशेजारी तलवार ठेवली. थोरगुनच्या तळहातावर मला ठेवलं. मोठ्या मुलीने स्वतः माझ्यावर आईची बोटं मिटवली. तेवढ्यापुरतं मला फार बरं वाटलं. मग वर माती पडली आणि बघतो तर काय, हाताच्या अंतरावर तीच! मेल्यावरही सुटका नाही.

पुढची हजारेक वर्षं सोडून देतो, मातीत काय सांगण्यासारखं असतं?

मग एक दिवस ओलाई नावाच्या शेतकऱ्याने बटाटे लावायला ते टेकाड फोडलं. तलवार निघाली, तसा तो धावत गावच्या मास्तरांकडे गेला. मास्तरांनी ती गंजकी, अर्धी मोडकी तलवार बघितली आणि खुर्चीतून उठलेच. "ओलाई! ही ग्रिमकेलची!"

आता हा ग्रिमकेल कोण, ते ऐका. आमच्याकडे एक गाणं आहे. वादळ्या ग्रिमकेल, एका घावात तीन जहाजांच्या डोलकाठ्या तोडणारा, आमच्याच खाडीत लढता लढता मेलेला. गाणं झकास आहे, मलाही आवडतं. पण मित्रांनो, मी त्या काळात तिथेच होतो. आउदुनचे गुडघे दुखायचे, तो डोलकाठ्या कसल्या तोडतोय! ते गाणं कुणी लिहून काढलं तेव्हा आम्हाला मातीत जाऊन अडीचशे वर्षं झाली होती.

ते असो. तलवारीचं नाव झालं 'ग्रिमकेलची तलवार'. आणि माझं? ओलाईने मला उचललं, भोकातून बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "अरे वा, दोरीला बांधायला आयता दगड!" आमच्या गावचा माणूसच तो. भोकाचा दगड दिसला की त्याला मासाच आठवणार. तीस वर्षं मी त्याच्या गळाच्या दोरीला बांधून खाडीच्या तळाशी जात होतो. थंडगार अंधार, आणि वर खेचलं की मिशावाला कॉड मासा माझ्याकडे डोळे वटारून बघतोय. त्याच्या नातवाने शेवटी मला गावच्या म्युझियममध्ये देऊन टाकलं. तिथे खालच्या फळीवर माझ्यासमोर पाटी लागली, 'मासेमारीचा दगड'. आणि समोर, दाराशी, दिव्याखाली, काचेच्या कपाटात एकटी कोण? ओळखा!

बरं, इथवर मी सहन केलं. पण मग आली ती सिरीयल.

ग्रिमकेलची सिरीयल! देशोदेशी लोक बघायला लागले. तिच्यात ग्रिमकेल उघड्या छातीने बर्फात फिरतो, डोक्यावर ही एवढी शिंगं. शिंगं! आमच्या गावात शिंगं फक्त बोकडाच्या डोक्यावर असायची. त्यात जहाजं आहेत, शिडं आहेत, शिडांवर लाल पट्टे आहेत, पण मागाजवळ उभी असलेली बाई? एकसुद्धा नाही. जणू शिडं झाडाला लागतात!

हेस्टविकला माणसांची रीघ लागली. सिरीयलवाल्यांनी म्युझियमला नटाचं शिंगांचं शिरस्त्राण भेट दिलं. प्लास्टिकचं. म्युझियमचे प्रमुख आयविन हरखून गेले. शनिवारी मोठा कार्यक्रम ठरला. शिरस्त्राणासाठी चौथरा हवा, चौथऱ्याला जागा हवी, म्हणून आमची फळी काढायची आणि आम्हाला खोक्यात भरून जमिनीखालच्या कोठीत टाकायचं ठरलं.

त्या कोठीत गेलेली वस्तू परत वर आलेली मी कधी पाहिली नाही. मला माझं दुःख नव्हतं... थांबा, खोटं कशाला बोलू, माझंही होतं. पण मी गेलो की थोरगुन गेली. तिचं म्हणून या जगात दुसरं काही उरलेलंच नव्हतं. शीड कधीच कुजलं. माग जळाला. उरलो मी एकटा, आणि माझ्यासमोर पाटी माशांची.

खोकी भरायचं काम तोरुनकडे होतं. ती म्युझियममधली तरुण बाई, पाट्या लिहायची, नोंदी ठेवायची. तिची बोर्गिल आत्या दुपारचा डबा घेऊन आली होती. ऐंशीची म्हातारी, आमच्या समोरच्या बेटावरची. तोरुनने माझ्या भोकात चिठ्ठीची दोरी ओवली आणि मला उचललं. मी लटकलो. सरळ, ताठ, अजिबात न कलंडता.

आत्या पाव चावता चावता थांबली. "हे काय आहे गं?"

"मासेमारीचा दगड, आत्या."

"कुणी सांगितलं?"

"पाटीवर लिहिलंय की."

"पाटी कुणी लिहिली? पुरुषानेच लिहिली असणार. यांना भोक दिसलं की दोरी दिसते, दोरी दिसली की मासा!" आत्याने हात पुसले आणि मला हातात घेतलं. मित्रांनो, तिचा अंगठा माझ्या भोकाच्या वरच्या कडेवर आला आणि मी शहारलो. किती वर्षांनी कुणीतरी तिथे हात लावला होता! "नख लाव इथे. लागतात का बारीक खाचा, शेजारी शेजारी? जाडजूड दोरीने अशा पडतात होय? हा मागाचा दगड आहे, बयो. माझ्या आईच्या मागाला असे पंचवीस होते. लहानपणी माझ्या पायावर पडलाय एक, अजून अंगठा वाकडा आहे. दाखवू?"

"नको, आत्या, विश्वास आहे!" तोरुन हसली, पण तिचे डोळे बदलले होते. ती धावत जुनी कागदपत्रं काढायला गेली. आणि तिला काय सापडलं माहितीये? ओलाईने तलवारीसोबत म्युझियमला धाडलेलं पत्र! शंभर वर्षं सगळ्यांनी त्याची पहिलीच ओळ वाचली होती, 'तलवार पाठवत आहे'. खालची कुणी वाचलीच नव्हती. 'सोबत दोन माणसांची हाडं होती. एकीच्या हातात भोकाचा दगड होता. तो मी ठेवून घेतला, कॉडच्या दोरीला चांगला आहे.'

तोरुन मला मुठीत धरून थेट आयविनकडे गेली. मी मनात नाचत होतो. आता बघ तलवारबाई, आता बघ!

आयविन म्हणाले, "अगं तोरुन, परवा कार्यक्रम आहे. लोक ग्रिमकेल बघायला येतायत, दगड बघायला नाही."

"तलवार काढा म्हणतच नाहीये मी. तिच्यावरचं नाव काढा म्हणतेय. ते एका जोडप्याचं थडगं होतं. नवरा आणि विणणारी बायको."

"आणि ग्रिमकेल?"

"असेल, नसेल. कुणालाच माहीत नाही. ही तलवार त्याची म्हणायला मात्र काहीच आधार नाही."

आयविन हळूच म्हणाले, "मी सात वर्षांचा होतो तेव्हा त्या काचेला नाक लावून उभा राहायचो. तिच्यामुळे मी या कामात आलो. आता पोरांना काय सांगू, मी आयुष्यभर थाप मारली?"

"थाप नाही. मास्तरांनी सांगितलं ते तुम्ही सांगितलंत. आज जास्त कळलंय, तर जास्त सांगायचं." तिने मला त्यांच्या हातात ठेवलं. "नख लावून बघा."

त्यांनी लावलं. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "मऊ लागतं गं. जणू काल कुणी धागा सोडला." आणि खुर्चीत मागे टेकून, "पाटी तू लिही. मला नाही लिहवणार."

शनिवारी मी तलवारीशेजारी, त्याच दिव्याखाली होतो! पाटीवर लिहिलं होतं, 'हेस्टविकच्या एका घरातल्या दोन वस्तू. शीड विणणाऱ्या बाईच्या मागाचा दगड. तिच्या घरची तलवार.' वाचलंत ना? *तिच्या* घरची! मला गुदगुल्या झाल्या.

दारं उघडली. पोरांचा लोंढा आत आला आणि आमच्यासमोरून सुसाट निघून गेला. सगळे त्या प्लास्टिकच्या शिंगांपाशी! फोटो, आरडाओरडा, ढकलाढकली. मी तलवारीकडे बघितलं, त्या गंजलेल्या बिचारीकडेही कुणी फिरकत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं मिळून कुणावर तरी जळत होतो. आणि सांगतो, जोडीने जळताना फार एकटं वाटत नाही.

एवढ्यात कोपऱ्यातून बोर्गिल आत्याचा आवाज आला, "शिंगांनी जहाज चालत नाही रे! इकडे या, वारा कसा पकडतात ते दाखवते." तिने भिंतीला माग टेकवला होता. नवा माग, नवी लोकर, आणि आमच्याच डोंगरातून आणलेले कोरे करकरीत दगड. आधी एक मुलगी गेली, मग तिचा भाऊ, मग बरेच. आत्या त्यांची बोटं धरून धागा घालत होती. "पाऊल उचल! इथून तिथे! दमलीस एवढ्यात? अजून दोन हिवाळे आहेत!" मुलं खदाखदा हसत होती, चालत होती, आणि ते नवे दगड झुलत होते.

मित्रांनो, हजार वर्षं मला वाटत होतं, मला ते काचेचं कपाट हवंय. मिळालं. दिवा मिळाला, खरी पाटी मिळाली, थोरगुन लोकांना कळली, नावाने नाही तरी कामाने कळली. मी सुखी आहे. पण त्या कोऱ्या, बेअक्कल, कालच्या दगडांकडे बघून माझ्या पोटात जो जाळ उठला ना, तसा तलवारीमुळे कधीच उठला नव्हता! त्यांना ओढ आहे. त्यांच्यासमोर कुणीतरी पावलं टाकतंय.

म्हणून एक मागणं आहे. जुन्या वस्तू जपा, काचेत ठेवा, धूळ पुसा, छानच. पण त्यांच्यावर कुणा शूरवीराचं नाव चिकटवायची घाई करू नका. आधी विचारा, ही रोज कुणाच्या हातात असायची? आणि तुमच्या घरात एखादी आत्या, आजी, मावशी ते काम अजून जाणत असेल, तर काच राहू द्या बाजूला. तिच्याकडे जा, म्हणा, "मला शिकव." आम्ही इथे काचेमागे बसून तुमच्या नव्या दगडांवर जळत राहू. खुशाल जळू द्या आम्हाला.