एकसारखी जागा

पुढं काठीवाला, मागं चौकटवाली, असा कामाचा नियम होता. काठीवाल्यानं पाऊल टाकायच्या आधी बांबू खाली रुतवायचा. तळ लागला की "हाय" म्हणायचं, मगच मागचीनं पाय उचलायचा.

एरवी काठी अझीमदादाकडं असायची. तो कॉलेजात शिकवणाऱ्या पूर्णिमाआत्याच्या हाताखाली संशोधन करायचा आणि आत्या त्याला मुलासारखी रागवायची. पण आज जीप पंक्चर झाली आणि तो चाक घेऊन कुणाच्या तरी मोटरसायकलवरून बिद्रीला निघाला. तेव्हा प्रियदर्शनीनं काठी उचलली.

"मी धरते की."

"बघ हं," अझीमदादा मागं वळून म्हणाला. "भाषणात पहिला नंबर काढलास म्हणून तळं काय टाळ्या वाजवणार न्हाय, पैलवान."

"तुम्ही चाक सांभाळा, दादा. वाटेत पडंल."

आत्या हसली. दिवाळीची सुट्टी होती. शाळेच्या स्टेजवर जायला जी घाबरायची, तिनं यंदा ढाल आणली होती, आणि तेव्हापासून प्रियदर्शनीला सगळंच जमेल असं वाटत होतं. राजारामपुरीतल्या घरी बसून करायचं काय, म्हणून ती आत्याच्या मागं लागून या तळ्यावर आली होती. बिद्रीच्या पुढं, राधानगरीच्या वाटेवर, उसाच्या फडांमागं दडलेलं हे तळं.

आत्याचं काम तिला लई भारी वाटायचं. सगळ्या आशिया खंडातल्या दलदलींत आणि तळ्यांत पाइपांची चौकट टाकायची, तिच्या आत कुठली झाडं कुणाच्या शेजारी उगवतात ते पाहून त्यांच्या वस्त्या ठरवायच्या. सायबेरियापासून श्रीलंकेपर्यंत माणसं अशाच चौकटी टाकत होती.

"तुला डोळ्यांवर पट्टी बांधून राजारामपुरीत सोडलं," आत्या सकाळी गाडीत म्हणाली होती, "आणि मग पट्टी काढली, तर दुकानांचे बोर्ड बघून कुठली गल्ली ते सांगशील का नाही? तसंच हे. पाणकणीस दिसलं की समज, गुडघाभर पाणी आणि खाली चिखलात रोवलेले पाय. जलपर्णी दिसली की समज, खाली काहीच नाही, नुसती तरंगतेय. चौकट टाकायची ती मात्र एकसारख्या जागी. दोन वस्त्या एका चौकटीत मिसळल्या तर ती चौकट बाद."

आणि तशी एकसारखी जागा प्रियदर्शनीला दिसली. बांधापासून थोडं आत, पोपटी लव्हाळ्याचा सपाट गालिचा. मधे कुठंतरी जांभळी फुलं डोकावत होती, पण किती थोडी. बाकी सगळं एका उंचीचं, एका रंगाचं, जणू चौकटीसाठीच कुणी पेरून ठेवलेलं.

"आत्या, तिकडं बघ."

"झकास आहे गं. चल, पुढं हो."

प्रियदर्शनी पुढं झाली. पहिल्या काही पावलांना तिनं काठी रुतवली, "हाय, हाय" म्हणत गेली. मग लव्हाळा सुरू झाला. इथं तर चक्क कोरडं होतं. गवतावर पाय ठेवला की मऊ गादीसारखं लागायचं. काठी काखेत मारून ती तरातरा मधोमध गेली आणि तिथून ओरडली, "हाय."

आत्या निघाली. पाइपांची चौकट तिच्या खांद्यावर होती, आणि अंगात छातीपर्यंत येणारी, बुटांसकटची रबरी विजार. प्रियदर्शनी तिच्या निम्म्या वजनाची असेल.

गवत हललं. प्रियदर्शनीला वाटलं आपल्याला चक्कर आली. पायाखालचा सगळा गालिचा एकदा खाली गेला, पुन्हा वर आला. ओली गोधडी फाटल्यासारखा आवाज झाला, आणि आत्या दिसेनाशी झाली.

दिसली तेव्हा नुसतं डोकं आणि एक हात दिसला. हात चौकटीत अडकला होता. चौकट भोकावर आडवी पडली होती म्हणून डोकं वर होतं. भोकातलं पाणी काळं होतं.

"आत्या."

"पुढं येऊ नकोस." आत्याचा आवाज वर्गातल्यासारखाच होता, फक्त फार बारीक. "आधी झोप. पोटावर. हातपाय पसर."

प्रियदर्शनी झोपली. कानाखाली गवत, गवताखाली कुजकी काळी मुळं आणि त्यांच्याखाली पाणी डुचमळत होतं, ते तिला ऐकू आलं. म्हणजे जमीन नव्हतीच. वर्षानुवर्षं कुजलेल्या जलपर्णीचा थर, त्यावर लव्हाळा उगवलेला. ती जांभळी फुलं जलपर्णीचीच होती. बोर्ड समोर होता आणि तिनं वाचला नव्हता.

"आत्या, मी काठी टेकवलीच न्हाय गं."

"ते नंतर. विजारीत पाणी भरतंय. मला खाली ओढतंय."

बांधापलीकडच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता. प्रियदर्शनीनं मान वर करून जीव खाऊन हाक मारली. ट्रॅक्टरवरच्या स्पीकरवर गाणं एवढ्या मोठ्यानं लागलं होतं की आपली हाक तिला स्वतःलाच ऐकू आली नाही. एक गेला, मागून दुसरा आला, त्याचं गाणं वेगळं. तिचा फोन जीपमध्ये होता. आत्याचा आत्याबरोबर पाण्यात.

ती सरपटत पुढं सरकली. प्रत्येक वेळी थर दबायचा आणि कोपरांभोवती पाणी चढायचं. तिला पोहता येत नव्हतं. आई दर उन्हाळ्यात म्हणायची, शिकून घे, आणि ती दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्यावर ढकलायची.   

भोकाच्या काठाला आल्यावर आत्याचा चेहरा जवळून दिसला. ओठ निळसर पडले होते.

"खांद्यावरचे पट्टे. बकल दाबून सोड. माझा हात निघाला तर मी जाईन."

प्रियदर्शनीनं चौकटीतून हात पाण्यात घातला. पाणी बर्फासारखं. पहिलं बकल सापडलं आणि सुटलं. दुसरं आत्याच्या पाठीकडं फिरलं होतं. त्यासाठी तिला गाल पाण्याला टेकवावा लागला, मग नाक. डोळे मिटून ती चाचपडत राहिली. बोटांना मुळं लागत होती, आणि प्रत्येक मूळ तिला बोटासारखं वाटत होतं, खालून कुणीतरी धरल्यासारखं. मग कट्‌ झालं.

"लाथा मार, आत्या. काढ ती."

आत्यानं पाय झाडले. विजार निघून खाली गेली. किती खाली ते कळलं नाही, टेकल्याचं काही जाणवलंच नाही. प्रियदर्शनीनं तिच्या कॉलरला धरून मागं ओढलं, आत्या चौकटीवर छाती टेकून अर्धी वर आली, मग सगळी. दोघी पालथ्या पडून राहिल्या.

आता पुढं काय करायचं ते आत्या सांगेल, असं प्रियदर्शनीला वाटलं. पण आत्या बोलेना. तिचे दात नुसते वाजत होते, आणि डोळे उघडे असून कुठंच बघत नव्हते. पाण्यातल्या आत्यापेक्षा ही गप्प आत्या जास्त भयंकर होती.

"आत्या, कुणीकडं जायचं?"

खालचा थर हळूहळू बुडत होता. आल्या वाटेवर फाटून काळं पाणी उघडं पडलं होतं. डावीकडं अगदी हाताशी बेशरमचं झुडूप होतं, जाड फांद्यांचं, धर म्हणणारं. उजवीकडं बरंच लांब पाणकणसाची रांग.

तिचा हात बेशरमकडं गेलाच होता. मग ती थांबली. तिनं मुद्दाम सगळं अंग जोरात हलवलं. थर हलला. लव्हाळा डुलला, त्याच्याबरोबर बेशरमही डुलली. पाणकणीस मात्र जागचं हललं नाही. त्याचे पाय दुसऱ्या कशात तरी होते.

"उजवीकडं," ती म्हणाली. आत्याला म्हणाली की स्वतःला, कुणास ठाऊक. "चौकट सोडू नकोस. मी ओढते."

काठी आडवी धरून, पोटावर सरकत, एका हातानं चौकट ओढत ती निघाली. थर जागोजागी फाटत होता. एकदा तिचा पाय मांडीपर्यंत आरपार गेला आणि खाली काहीच लागलं नाही, तेव्हा तिनं आईला हाक मारली, लहानपणी मारायची तशी. रांगेच्या अलीकडं थर संपला. मधे पाण्याचा पट्टा होता. तिनं बांबू उभा केला आणि पाण्यात सोडला. तो खाली गेला. आणखी खाली गेला. मग अडला. तिनं पुन्हा दाबला, सगळा भार टाकून दाबला. पुन्हा अडला.

"हाय," ती म्हणाली. "आत्या, हाय. खरंच हाय."

छातीएवढ्या पाण्यातून, मग मांडीएवढ्या, मग गुडघ्याएवढ्या, पाणकणसाचे दांडे धरत दोघी पलीकडच्या काठाला लागल्या.

अझीमदादा परत आला तेव्हा त्या जीपला टेकून उन्हात बसल्या होत्या. आत्या अनवाणी होती. दोघींकडं बघून त्यानं झटपट चाक बसवलं आणि मागच्या सीटवरची चादर आणून आत्याच्या अंगावर टाकली.

जीप निघाली. पुढं उसाची ट्रॉली, साखर कारखान्याचा गोडसर वास. प्रियदर्शनीनं आत्याची बाही मुठीत धरली होती. 

"सोड की आता," बिद्री आल्यावर आत्या म्हणाली. "बाही फाटेल."

"फाटू दे."

"काठीचं काय ते घरी गेल्यावर बोलू. मी चांगली रागावणार आहे."

"रागाव. रोज रागाव."

मागून कुणाचा तरी हॉर्न जोरात वाजला आणि आत्या सीटवर दचकली, अशी की प्रियदर्शनीनं तिला कधी दचकताना पाहिलं नव्हतं. मग आत्यानं दुसरा हात तिच्या मुठीवर ठेवला आणि घट्ट दाबला. "अझीम," ती म्हणाली, "जरा हळू चालव रे."